पुढची गोळी सुटण्याआधी

कोपऱ्याचं दुकान मला मिळायला हवं होतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी आमच्या घरमालकांबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे आणि ते वाचून कोणाला वाटेल, ही बाई ती गोष्ट विसरली. विसरलेले नाही. टोकियोतल्या निशी-कसाई स्टेशनाकडून येणारा रस्ता जिथे वळतो तिथलं, दोन बाजूंना काचा असलेलं ते दुकान त्यांनी मला तोंडी कबूल केलं होतं. दिलं एका ड्राय-क्लीनरला. आज तिथे परक्या लोकांचे शर्ट टांगलेले असतात आणि माझी तूरडाळ, पोहे, गोडा मसाला त्याच इमारतीच्या पाठीमागे, जिन्याखालच्या गाळ्यात विकला जातो. गिऱ्हाइकाला सायकलींच्या रांगेतून अंग चोरून यावं लागतं.

घरमालक स्कॉटलंडचे. ऐंशी ओलांडलेले, उंच, कोपरांवर चामड्याची ठिगळं असलेलं एकच जाकीट बाराही महिने अंगात. सगळी गल्ली त्यांना गुन्सो-सान म्हणे. गुन्सो म्हणजे सार्जंट. तरुणपणी ते तिकडच्या सैन्यात होते आणि सैन्यातर्फे रायफलच्या स्पर्धा खेळायचे. इमारत त्यांच्या बायकोची, ओकुसानची. ओकुसान म्हणजे नुसतं 'बाईसाहेब', पण आम्ही भाडेकरू तेच तिचं नाव असल्यासारखं वापरायचो. गुन्सो-सान सगळं जपानी तिच्याकडूनच शिकले होते, त्यामुळे हा सहा फुटी सार्जंट बोलायचा अगदी घरंदाज बाईसारखं. कचरा चुकीच्या दिवशी टाकणाऱ्या तरण्या पोरांना ते इतक्या नाजूक शब्दांत झापायचे की पोरं आधी हसायची आणि मग त्यांचे डोळे बघून कचरा उचलायची. माझ्याशी ते इंग्रजी आणि जपानी मिसळून बोलत. मीही तसंच.

मी इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. तो कावासाकीला कंपनीत जायचा आणि मी घरच्या मिक्सरवर मसाला करून इथल्या मराठी बायकांना विकायची. त्यातून दुकान उभं केलं. कोणाच्या बापाचं काही देणं लागत नाही मी. घासाघीस करायला मला आवडतं आणि त्यात मला कोणी सहसा हरवत नाही. ठाण्याच्या बाजारात आईबरोबर फिरत शिकले. पहिला नियम असा, की भाव सांगून झाला की गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो हरला.

गुन्सो-सानसमोर हा नियम कुचकामी ठरला. पहिल्यांदा भाडं ठरवायला मी वर गेले, माझा आकडा सांगितला आणि गप्प बसले. त्यांनी श्वास घेतला, अर्धा सोडला आणि थांबले. म्हणजे खरंच थांबले. पापणी नाही, बोट नाही, छातीसुद्धा हलेना. ओकुसान चहा ओतत होती, तिला काही नवल वाटल्याचं दिसलं नाही. मी किती वेळ बसले कोण जाणे, पण मला असं वाटायला लागलं की म्हाताऱ्याला काहीतरी झालंय आणि त्याला मी जबाबदार आहे. मीच माझा आकडा वाढवला. तेव्हा त्यांनी उरलेला श्वास सोडला आणि म्हणाले, "चालेल."

"हे असं का करतात?" मी ओकुसानला जिन्यात विचारलं.

"गोळी मारायच्या आधी असं करतात," ती म्हणाली. "लग्नाला होकार देतानाही असंच केलं होतं. मला वाटलं, गेला."

श्वासाची ही कमाई बंदुकीची नव्हती, फुंकून वाजवायच्या बॅगपाइपची होती. हे मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं, भाडं द्यायला वर जायची तेव्हा. त्यांचे वडील उत्तरेकडच्या डोंगरात दुसऱ्यांच्या मेंढ्या राखायचे. मुलगा सैन्याच्या बँडमध्ये पाइप वाजवायला भरती झाला. बँडवाल्यांनाही वर्षातून एकदा रायफल चालवावी लागे. पहिल्या खेपेला त्यांची प्रत्येक गोळी निशाणाच्या अलीकडे मातीत गेली. शिकवणारा ओरडला, हे पोरगं गांडुळं मारतंय. मग एक दिवस जोराचा वारा सुटला. भल्याभल्यांच्या गोळ्या कुठच्या कुठे जायला लागल्या आणि या बँडवाल्याच्या मात्र मधोमध. शिकवणाऱ्याने विचारलं, कसं काय? तर म्हणाले, गवत सांगतंय ना. मेंढ्यांमागे जन्म गेला, डोंगरावरचं गवत कसं झोपतं त्यावरून वारा ओळखायची सवय. त्यांना वाटायचं ते सगळ्यांनाच येतं.

तिथून त्यांची गाडी सुटली. आधी पलटणीत पहिले, मग रेजिमेंटमध्ये, मग सैन्याच्या संघात. पाइप सुटला, रायफल चिकटली. मैलभर पसरलेल्या मैदानावर पोटावर झोपायचं, चामड्याचा पट्टा दंडाला आवळायचा आणि हजार यार्डांवरच्या पांढऱ्या कागदावरचा काळा ठिपका शोधायचा. पाऊस असो, धुकं असो. "आमच्याकडे धुकं नसेल तर सामना रद्द करतात," ते म्हणत. ही त्यांची विनोदाची कल्पना.

जपानला ते आले एका स्कॉटिश संघाला शिकवणारे म्हणून आणि तिथे दुभाषी होती ओकुसान. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. निशाणाच्या बरोबर मध्याला इंग्रजीत बैलाचा डोळा म्हणतात. हे जेवताना म्हणाले, मला उद्या निदान दहा तरी हवेत. तिने शब्दाला शब्द ठेवून यजमानांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी यजमान रांगेने कमरेत वाकून उभे. साहेब, माफ करा, गावभर फिरलो, बैलाचे डोळे चारच मिळाले. ते चार डोळे कोणी खाल्ले हे दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं की एकमेकांकडे बघून हसायचे.

लग्न झालं, इथेच राहिले. आणि जपानमध्ये बंदूक बाळगणं किती अवघड असतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. गुन्सो-सानकडे बंदूक नव्हती. एकदा वॉर्डाच्या क्रीडा संकुलात प्रकाशाच्या झोताने नेम धरायची खेळातली रायफल असते, ती बघून आले. तोंड पाडून परत. म्हणाले, "खोलीत वारा नाही. वारा नसेल तर ती नेमबाजी नाही, टायपिंग आहे."

म्हणून रोज सकाळी ते गच्चीवर जायचे. चटईचा एक तुकडा टाकून पोटावर झोपायचे आणि कपडे वाळत घालायची स्टीलची काठी खांद्याला लावून नेम धरायचे. नेम कुठे, तर रेल्वेच्या उंच रुळांपलीकडे एका इमारतीवर पाण्याची टाकी होती, तिच्यावर. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, मग जिभेने 'टक्'. लगेच स्वतःच सांगायचे, "डावीकडे गेली," किंवा "ठीक."

समोरच्या इमारतीत पुण्याचा एक मुलगा नवीन राहायला आला होता. त्याने खिडकीतून हे पाहिलं आणि चौकीत जाऊन कळवलं. हवालदार आधी माझ्याकडे, कारण तक्रारदार भारतीय. मी त्याला गच्चीवर नेलं.

"काका, पोलीस आलेत," मी इंग्रजीत म्हणाले. काका मात्र मराठीतच निघालं तोंडातून.

"थांबा," ते न हलता म्हणाले. "वारा वळतोय."

हवालदार थांबला. गुन्सो-सान थांबले. मीही थांबले, खाली दुकान उघडं टाकून. मग 'टक्'. हवालदाराने काठी हातात घेऊन दोन्ही टोकांना डोळा लावून पाहिली, परत दिली आणि विचारलं, वारा वळला हे कसं कळलं. पुढचा अर्धा तास मी त्या दोघांना चहा पुरवत होते. सहाव्या मजल्यावरची चादर, शाळेचा झेंडा, नदीकडच्या बाजूचा कबुतरांचा थवा, असं त्यांनी त्याला सगळं उलगडून दाखवलं. तक्रार करणारा मुलगा नंतर माझ्याकडचंच पक्कं गिऱ्हाईक झाला. शरमेने असेल.

या वाऱ्याच्या विद्येचा आम्हाला रोजचा उपयोग होता. आमची तोझाई लाइन आराकावा नदीच्या लांब पुलावरून शहरात जाते आणि वारा वाढला की पुलावर गाड्या हळू चालवतात. गुन्सो-सान गच्चीवरून खाली ओरडायचे, "आज उशीर," आणि ऑफिसला निघालेली आमची माणसं दहा मिनिटं आधी पळायची. माझा नवरा फोनवरचं हवामान बघायचाच नाही. म्हणायचा, फोन काय, ते बसलेत ना वर.

आता कोपऱ्याचं दुकान.

ओकुसानच्या टेबलावर, तिच्यासमोर, त्यांनी मला सांगितलं होतं की कोपरा रिकामा झाला की तुमचा. मी त्या भरवशावर फ्रीजरसुद्धा बघून ठेवला होता. मग एके दिवशी समजलं, ड्राय-क्लीनर येतोय. मी तशीच वर गेले. जिना चढतानाच बोलायला सुरुवात केली होती, त्यामुळे दारात पोचले तेव्हा अर्धं भांडण झालेलं होतं. ओकुसान घरात नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अर्धा श्वास. मग म्हणाले, "असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला चॅलेंज करायचंय? मग आत्ता. हजार येन टेबलावर ठेवा."

इथे गाळा घेताना घरमालकाला रेइकिन द्यावी लागते. रेइकिन म्हणजे आभाराचे पैसे. तुम्ही मला जागा देताय म्हणून मी तुमचे आभार मानते आणि ते पैसे कधीही परत येत नाहीत. ही पद्धत ऐकली तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. एवढे आभार मी देवाचेसुद्धा मानलेले नाहीत. आणि आता हा माणूस शब्द फिरवून वर पुन्हा पैसे मागतोय.

"एक येन देणार नाही," मी म्हणाले.

"ठीक," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्राय-क्लीनरच्या करारावर शिक्का मारला.

खरं काय ते मला ओकुसानने सांगितलं, पुढे बऱ्याच काळाने, माझ्याच दुकानात हळद घेताना. त्यांच्या रायफलच्या खेळात निशाणाजवळ, जमिनीखालच्या खंदकात माणसं बसलेली असतात. गोळी लागली की ती निशाण खाली ओढतात, भोक कुठे पडलंय ते बघतात आणि खूण लावून निशाण पुन्हा वर करतात. आपली गोळी चांगली लागली आणि त्यांनी कमी आकडा दाखवला असं वाटलं, तर चॅलेंज करता येतं. थोडी फी ठेवायची. निशाण पुन्हा खाली घेऊन तपासतात. तुमचं बरोबर निघालं तर फी परत, चूक निघालं तर गेली. एवढीच अट, की चॅलेंज पुढची गोळी झाडण्याआधी करायचं. पुढची गोळी सुटली की हक्क संपला, कारण तोवर मागचं भोक कागद चिकटवून बुजवलेलं असतं. मग तपासायचं काय?

"त्यांना खरंच आठवत नव्हतं," ओकुसान म्हणाली. "तू नोट ठेवली असतीस तर त्यांना मला विचारावंच लागलं असतं. मी होतेच की साक्षीला. ते संध्याकाळपर्यंत तुझी वाट बघत बसले होते."

मी हळद वजन करत होते. माझ्या हातून काट्यावर जास्त पडली आणि मी ती कमी केली नाही, इतकी मी भडकले होते. अहो, नियम खेळाच्या आधी सांगायचे असतात. ठाण्याच्या बाईला खंदकातली माणसं कुठून माहीत असणार? माझं हे म्हणणं आजही कायम आहे.

त्याच दिवशी तिने दुसरी एक गोष्ट सांगितली. सैन्याच्या सर्वात मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत गुन्सो-सान पुढे होते. थोड्याच गोळ्या उरल्या होत्या. एक सुटली आणि ती मधोमध गेली हे त्यांना खांद्यातच कळलं. निशाण वर आलं ते एका आकड्याने कमी. चॅलेंज करायचं म्हणून खिशात हात घातला, तर खिसा रिकामा. पैसे बराकीत, दुसऱ्या कोटात. शेजारी झोपलेला अधिकारी होता, त्याच्याकडे मागता आले असते. बँडमधून आलेल्या सार्जंटला अधिकाऱ्यापुढे हात पसरवेना. वारा पडत होता, वेळ जात होता. त्यांनी पुढची गोळी झाडली. त्या एका आकड्याने पदक गेलं.

पुढे मी त्यांना विचारलं, "मागितले असते तर त्याने दिले नसते का?"

"दिले असते," ते म्हणाले. "चांगला माणूस होता."

"मग राग येत नाही?"

"कोणाचा? भोक बुजवलं."

त्या दिवसापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेली एक नोट असायची. देश बदलला तसं नाणं बदललं, नोट राहिली. ती ते कधी मोडत नसत. दुकानात सुटे कमी पडले तरी नाही. मी त्या खिशाकडे बोट दाखवलं की हात वर ठेवायचे.

माझ्याकडून ते एक मराठी शब्द शिकले होते. बघू. गिऱ्हाईक भाव कमी करा म्हणालं की मी म्हणते, बघू. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, हो पण नाही आणि नाही पण नाही. त्यांना तो इतका आवडला की भिंतीला ओल आलीय, दुरुस्त करा, असं मी म्हणाले की मान डोलावून म्हणायचे, "बघू." स्वतःच्या दातांनी स्वतःची जीभ चावल्यासारखं व्हायचं मला.

ओकुसान गेल्यावर ते फार बदलले. गच्चीवर जायचे, पण 'टक्' ऐकू यायचं नाही. नुसते झोपून राहायचे. इमारतीचं सगळं तिचा भाचा बघायला लागला. चाळिशीचा, सभ्य, सदा वाकलेला माणूस. इमारत जुनी झालीय, ओजीसानांना, म्हणजे काकांना, जिना झेपत नाही, विकून टाकावी आणि त्यांना चिबाकडे समुद्राजवळच्या वृद्धाश्रमात ठेवावं, असं त्याच्या मनात आलं. वाईट हेतू नव्हता त्याचा. घेणारी कंपनीही तयार होती. जुनी पाडून नवीन बांधणार. पण जपानमध्ये भाडेकरूला त्याच्या होकाराशिवाय सहज काढता येत नाही. ड्राय-क्लीनर हो म्हणाला होता, वरचे हो म्हणाले होते. राहिले मी.

भाचा आला तेव्हा माझा माल उतरत होता. तो वाकून म्हणाला की मार्चमध्ये आपण दुसरीकडे जावं अशी विनंती आहे, सामान हलवायला मदत करू, भरपाईही देऊ, कसं वाटतं? मला वाटलं, सगळ्यांनाच विचारत फिरतोय, आपण नाही म्हणू. रागावले नाही. उलट म्हटलं, मी किती सभ्य झालेय इथे राहून. मी म्हणाले, "केक्को देस."

केक्को देस म्हणजे, नको, राहू दे, आभारी आहे. दुकानात पिशवी हवी का विचारतात तेव्हा मी रोज हेच म्हणते. भाच्याचा चेहरा उजळला. तो तीनदा वाकला आणि गेला. मला वाटलं, नकार ऐकूनही किती आनंदाने जातात ही माणसं.

मग काही दिवसांनी दुपारी माझी मुलगी शाळेतून आली आणि जपानीत म्हणाली, "आई, बाहेर दोन माणसं आपल्या दुकानाचं माप घेतायत." मी बाहेर गेले. हातात टेप, डोक्यावर हेल्मेट. विचारलं तर म्हणाले, मार्चनंतर पाडायचंय ना, आज वर कागदांवर शिक्के मारतायत.

मी पीठ पाकिटात भरत होते. अंगावर तसाच एप्रन, कोपरापर्यंत हात पांढरे. जिना चढताना या खेपेला तोंडातून शब्द फुटेना. ज्या गाळ्याला मी इतकी वर्षं मागचा, अंधारा, जिन्याखालचा म्हणून नावं ठेवली, तो माझ्या हातून चालला होता आणि दुसरीकडे नव्याने रेइकिन देऊन पुन्हा उभं राहण्याचं माझं वय नव्हतं.

वर टेबलावर कागद पसरलेले. एका बाजूला भाचा, शेजारी कंपनीचा माणूस. लाल शाईची डबी उघडी. गुन्सो-सानांच्या बोटांत त्यांचा शिक्का, हान्को. इथे सही नसते, शिक्का उठला की झालं. त्यांनी श्वास घेतला होता आणि अर्धा सोडला होता.

यानंतर काय होतं ते मला माहीत होतं.

"चॅलेंज," मी म्हणाले.

शिक्का कागदाच्या बोटभर वर थांबला. त्यांनी मान न वळवता विचारलं, "फी?"

मी एप्रन चाचपला. पीठ. पाकीट खाली गल्ल्याशेजारी. खाली जाऊन येईपर्यंत हा माणूस थांबणार नाही, नियम म्हणजे नियम, हे त्याच्याइतकंच मलाही ठाऊक. मी भाच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, पण त्याच्यापुढे हात पसरायला हात उचलेना.

गुन्सो-सानांनी शिक्का खाली ठेवला. शर्टाच्या खिशातून चार घड्यांची ती नोट काढली, एका बोटाने टेबलावरून माझ्याकडे सरकवली आणि हात मागे घेतला. मी ती उलगडून टेबलाच्या मधोमध ठेवली.

"ही रेइकिन का?" कंपनीच्या माणसाने हळूच विचारलं.

"निशाण खाली घ्या," गुन्सो-सान म्हणाले. मग भाच्याला, त्या नाजूक जपानीत, "हिने तुला हो म्हटलं, असं तू मला सांगितलंस. शब्द काय होते?"

"केक्को देस," भाचा म्हणाला. "स्पष्ट म्हणाल्या. हसून."

"नको म्हणाले मी," मी म्हणाले. "पिशवी नको म्हणतात तसं."

"पण आम्ही 'छान आहे, चालेल' यालाही केक्को देस म्हणतो," भाचा कासावीस होऊन म्हणाला. "नको म्हणताना माणूस हात हलवतो. यांनी हलवला नाही."

"तिचे हात कुठे होते?"

भाचा विचार करायला लागला. प्रामाणिक माणूस, खोटं त्याला सुचलंही नसतं. "गोणी होती," तो म्हणाला. "पिठाची. दोन्ही हातांनी धरलेली, लहान मूल धरावं तशी."

गुन्सो-सानांनी बसायची उशी उचलून माझ्या हातात दिली. "धरा. म्हणा."

मी उशी कवटाळून म्हणाले, "केक्को देस." जन्मात इतकं बावळट वाटलं नव्हतं.

"मला तर नकार वाटला," कंपनीचा माणूस म्हणाला आणि लगेच खाली बघायला लागला.

"मला आत्ताही होकारच वाटतो," भाचा म्हणाला.

"रेषेला शिवलंय," गुन्सो-सान म्हणाले. आम्हा तिघांनाही कळेना तेव्हा त्यांनी कागदाच्या कोपऱ्यावर बोटाने एक गोल काढला. गोळीचं भोक दोन आकड्यांच्या मधल्या रेषेवर पडलं, नुसतं शिवलं, तरी मोठा आकडा धरतात. शंकेचा फायदा नेमबाजाला.

"इथे नेमबाज कोण?" भाच्याने विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. शिक्का डबीत ठेवला, डबी बंद केली आणि उरलेला अर्धा श्वास सोडला. तो इतका लांब होता की ओकुसान गेल्यापासून आतच धरून ठेवला असावा, असं मला वाटलं. "ती जात नसेल तर मलाही घाई नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, तिला जायचंय आणि मला सांगायला लाजतेय." मग नोट माझ्याकडे सरकवली. "फी परत."

"ही तुमची आहे."

"चॅलेंज तुमचं. फी चॅलेंज करणाऱ्याला परत जाते."

मी ती घेतली. नियम म्हणजे नियम.

खाली येताना मधल्या पायरीवर बसले. हसू येत होतं. समोर माझं जिन्याखालचं दुकान, दारात लसणाच्या जाळ्या, आडव्यातिडव्या सायकली. एवढी सुंदर जागा मी टोकियोत दुसरी पाहिली नव्हती. मुलगी दारात उभी होती. "आई," ती म्हणाली, या वेळी मराठीत, "केक्को म्हणताना हात हलवायचा असतो."

"माहितेय," मी म्हणाले. "आत्ताच कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून 'टक्' ऐकू आलं. मी वर चहा घेऊन गेले आणि म्हटलं, एवढा न्याय केलात, तर कोपऱ्याच्या दुकानाचंही निशाण खाली घ्या. त्यांनी टाकीवरून नजर हटवली नाही.

"बघू," ते म्हणाले. मग, "नाही. ते भोक बुजवलं."

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले, स्वतःच्या घरात, स्वतःच्या चटईपासून एक जिना खाली. भाचा आता तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्या दिवसानंतर तो दर रविवारी यायला लागला होता आणि त्यांच्या शेजारी पोटावर झोपून वारा शिकत होता. अजून नीट येत नाही. त्याच्या भरवशावर निघालेला माझा नवरा दोनदा मीटिंगला उशिरा पोचला.

या वसंतात भाचा नवा करार घेऊन खाली आला. मी प्रत्येक ओळ वाचली, दोन ठिकाणी घासाघीस केली, एक जिंकले. त्याने शाईची डबी उघडली, शिक्क्याला शाई लावली आणि तो कागदावर आणून थांबवला. माझ्याकडे पाहत राहिला. काही विचारलं नाही, पण काय विचारतोय ते मला कळलं. नोट माझ्या एप्रनच्या खिशात होती, चार घड्यांची. तिथेच असते.

मी दोन्ही हात काउंटरवर ठेवले, तळवे खाली, अजिबात न हलवता.

"केक्को देस," मी म्हणाले.

त्याने माझ्या हातांकडे नीट पाहिलं, अर्धा श्वास सोडला आणि शिक्का उठवला.